तुटीच्या वर्षाचे पाणी

अमेरिकेच्या पश्चिम भागात पाटबंधाऱ्यांचा कारभार पाहणारी मंडळी दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसलेली असतात. त्या सुमारास डोंगरावरील हिमाचा थर ऐन भरात असतो. पोकळ नळी त्या थरात उभी खुपसावयाची, आत आलेल्या हिमाचे वजन करावयाचे आणि ते वितळल्यावर नदीस किती पाणी येईल याचा अदमास बांधावयाचा, ही रीत नेवाडा राज्यातील जेम्स चर्च नावाच्या एका प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. हे गृहस्थ शिकवीत असत प्राचीन अभिजात भाषा. परंतु त्यांचे नाव राहिले ते हिमाच्या वजनकाट्यामुळे. या मोजणीवरून कालव्याखालील शेतकऱ्यास त्या वर्षी किती पाणी द्यावयाचे हे ठरते. 2015 साली कॅलिफोर्नियाच्या सिएरा पर्वतावर एप्रिलच्या आरंभी नेहमीच्या मानाने अवघा 5 टक्के हिमसंचय उरला होता. फ्रायंट धरणाखालील करारबद्ध शेतकऱ्यांना 2014 व 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे शून्य टक्के पाणी मंजूर झाले. निर्णय कठोर खरा; पण तो हंगामाच्या तोंडाशी कळला. कोणते शेत पडीक टाकावयाचे आणि कोणती बाग विहिरीवर जगवावयाची, याचा विचार करण्यास शेतकऱ्यास थोडीबहुत सवड मिळाली.

आम्ही ज्या मुलखात नोकरीनिमित्त येऊन पडलो आहोत, त्या छत्तीसगडात हिम नाही आणि ती सवडही नाही. रायपुरच्या उत्तर अंगास उरला ही कारखान्यांची वसाहत आहे. धूर, लोखंड आणि मालमोटारी यांच्या गर्दीत राहणाऱ्या मनुष्यास नदी आणि नहर या गोष्टी दूरच्या वाटतात. (कालव्याला इकडे नहर म्हणतात.) वास्तविक वसाहतीच्या पश्चिमेकडून खारून नदी वाहते, आणि रायपुर शहर जे पाणी पिते त्याचा मोठा भाग उन्हाळ्यात दक्षिणेकडील गंगरेल धरणातून नहरीने येऊन खारूनच्या पात्रात पडतो व भाटागावापाशी उपसला जातो. तेव्हा या नहरीचा इतिहास हा आमच्या नळाचाही इतिहास आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते आणि आठशे किलोमीटरांहून अधिक वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. तिला हिमालयातील नद्यांसारखा उन्हाळी पुरवठा नाही. जे काही येते ते जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसाने. रायपुरचा पाऊस सरासरीने कमी नाही. वर्षाला बाराशे मिलिमीटरांच्या आसपास तो पडतो. सोलापूर-नगरकडील मनुष्यास हा आकडा ऐश्वर्याचा वाटेल. परंतु येथील पीक धान आहे, आणि धानास नुसता पाऊस चालत नाही, वेळेवरचा पाऊस लागतो. या भागात जुनी पद्धत अशी की, बी फेकून पेरावयाचे, रोपे वीतभर झाली आणि बांधीत पाणी साचले म्हणजे त्याच उभ्या पिकात नांगर फिरवावयाचा. यास बियासी म्हणतात. तण त्याने मोडते, रोपे विरळ होतात व फुटवा धरतात. पाणी साचले नाही तर बियासी होत नाही; आणि पुढे सप्टेंबरच्या अखेरीस, पीक पोटरीत असताना पावसाने पाठ फिरवली तर दाणा भरत नाही. म्हणजे वर्ष तुटीचे आहे हे येथील शेतकऱ्यास कळते तेव्हा त्याचे बी, बैलांचे श्रम आणि सावकाराचे कर्ज ही सारी शेतात गाडली गेलेली असतात. एप्रिलमध्ये हिम मोजणारा शेतकरी आणि ऑक्टोबरमध्ये आभाळ मोजणारा शेतकरी यांच्यातील अंतर हे असे आहे.

या संकटावर पूर्वीच्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे तलाव. छत्तीसगडीत जुन्या गावांच्या वैभवाचे वर्णन करताना ‘छै आगर छै कोरी’ तलाव होते असे म्हणतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, मिळून 126. हैहयवंशी राजांच्या रतनपुरास असे तलाव होते. रायपुरातील बुढा तालाब आजही शहराच्या मध्यभागी आहे. 1758 साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि छत्तीसगड नागपूरकरांच्या अमलाखाली नांदू लागले, तेव्हा ही व्यवस्था त्यांना आयतीच मिळाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या आपल्या धानाच्या मुलखातही मालगुजारी तलावांची तीच परंपरा आहे. विदर्भात त्यांना ‘मामा तलाव’ हे जे गमतीचे नाव पडले, ते ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून. तलावाचा गुण असा की, त्याचे पाणी गावाच्या डोळ्यांसमोर असते. यंदा किती आहे, कोणाच्या बांधीस आधी द्यावयाचे, गुरांसाठी व निस्तारासाठी किती राखावयाचे, हे पार बांधणाऱ्यास आणि पाणी घेणाऱ्यास सारखेच दिसते. त्याचा अवगुण असा की, एक वर्ष पाऊस गेला तर तलावही जातो.

1896 साली पाऊस लवकर आटोपला आणि उभे धान वाळले. 1899 साली तो मुळातच फसला. तीन-चार वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत हादरून गेला. तोपर्यंत सरकारी समज असा होता की, या प्रांतात पाऊस भरपूर, तेव्हा येथे कालव्यांचा खर्च अंगावर पडेल. हा समज अगदीच निराधार होता असे नाही. याच महानदीच्या मुखाकडे, कटकच्या परिसरात, एका खासगी कंपनीने 1860 नंतर कालवे काढले होते. चांगल्या वर्षी शेतकरी पाणी घेईनात. कंपनी डबघाईस आली आणि 1866 च्या भयंकर दुष्काळानंतर ती कामे सरकारने विकत घेतली. परंतु दोन दुष्काळांनंतर हा जमाखर्च निराळ्या दृष्टीने पाहणे भाग पडले. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली 1901 ते 1903 या काळात बसलेल्या पाटबंधारे आयोगाने, कालव्यापासून मिळणाऱ्या वसुलाबरोबर दुष्काळात वाचणारा खर्चही हिशेबात धरला पाहिजे, अशी दृष्टी पुढे आणली. संरक्षक पाटबंधारे हा शब्द तेव्हापासून रुळला. पीक भरघोस आणण्यासाठी द्यावयाचे पाणी वेगळे आणि पीक मरू नये म्हणून द्यावयाचे पाणी वेगळे, हा भेद त्यात आहे. महानदीची नहर या दुसऱ्या हेतूने जन्मास आली.

धमतरीजवळ रुद्री येथे नदीवर बंधारा घालून नहर काढण्यात आली. पण बंधारा पाणी वळवतो, साठवीत नाही; नदी आटली की नहरही आटणार. म्हणून महानदीस मिळणाऱ्या सिलारी नदीवर 1914 ते 1923 या वर्षांत मुरुमसिल्लीचे धरण बांधले गेले. या धरणाच्या सांडव्यास दरवाजे नाहीत. तेथे वक्रनळ्या आहेत. जलाशय ठरावीक पातळीच्या वर चढला म्हणजे नळीतील हवा आपोआप बाहेर ढकलली जाऊन पाणी ओढले जाते. पातळी उतरली की हवा आत शिरून प्रवाह थांबतो. माणूस नको, यंत्र नको. आशियातील अशा प्रकारचे हे पहिले धरण असे म्हणतात. अतिवृष्टीचा प्रश्न अशा रीतीने नळीवर सोपविता आला. तुटीचा प्रश्न मात्र कोणत्याही नळीवर सोपविता येत नाही, हे लौकरच दिसून आले.

खात्यापुढे अडचण होती ती कटकच्या कंपनीपुढची. पाऊस बरा झालेल्या वर्षी शेतकरी म्हणणार, ‘आम्हांस नहर नको’. आणि पाऊस फसला की सारे एकदम दाराशी येणार. अशाने ना उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो, ना पाण्याचा. यावर तोड म्हणून खात्याने गावांशी दहा-दहा वर्षांचे करार करण्याचा आग्रह धरला. पाणी घ्या वा न घ्या, पट्टी दरसाल द्यावयाची. आजच्या भाषेत हा विम्याचा हप्ता. तत्त्व म्हणून त्यात वावगे काही नव्हते. पण धमतरीजवळच्या कंडेल गावाने हिशेब मांडला तो असा की, दहा वर्षांच्या पट्टीत गावाचा स्वतःचा मोठा तलाव होईल आणि तो कायमचा आपला राहील. गावाने करार नाकारला. 1920 च्या ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी नहर फोडून पाणी चोरल्याचा आरोप ठेवण्यात आला. भर पावसाळ्यात पाणी चोरावयाचे कशाला, असा गावकऱ्यांचा सवाल होता. गावावर हजारो रुपयांचा दंड बसला. तो न भरल्यामुळे गुरे जप्त झाली आणि लिलावासाठी एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरविली गेली. परंतु बोली बोलावयास कोणी पुढे आले नाही.

या लढ्याचे पुढारी बाबू छोटेलाल श्रीवास्तव, पंडित सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले हे होते. नारायणरावांचे नाव येथे मुद्दाम लिहिले आहे. छत्तीसगडात आलेला मराठी माणूस केवळ भोसल्यांच्या फौजेबरोबर किंवा सरकारी हुकमाबरोबर आला आणि तसाच राहिला, अशी आपली एक समजूत असते. शेतकऱ्याच्या पाण्यासाठी येथील लोकांच्या खांद्यास खांदा लावून उभा राहिलेला हा धमतरीचा कार्यकर्ता त्या समजुतीस बसत नाही. डिसेंबर 1920 मध्ये, नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या तोंडावर, गांधीजी रायपुर-धमतरीकडे येऊन गेल्याचे या भागाच्या इतिहासात सांगितले जाते. सरकारने नमते घेतले, दंड मागे घेतला व गुरे परत केली. पुढे स्वतंत्र भारतात मुरुमसिल्लीच्या धरणास बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचेच नाव देण्यात आले. ज्या व्यवस्थेशी मनुष्य झगडला तिच्याच मस्तकी त्याचे नाव लागावे, हा काव्यगत न्याय इतिहासात क्वचित घडतो.

कंडेलचा निकाल लागला तरी कंडेलचा प्रश्न मिटला नाही. सुकाळात नहरीचा खर्च कोणी सोसावयाचा आणि दुष्काळात तिचे पाणी कोणी आधी घ्यावयाचे, हा तो प्रश्न. आपल्याकडे त्याची दोन उत्तरे सापडतात, ती येथे आठवणे उपयोगी आहे. नीरेच्या डाव्या कालव्यावर सर विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गटपद्धत सुचविली. तीतही अनेक वर्षांचा करार होता. परंतु त्याच्या मोबदल्यात उसासाठी ठरावीक क्षेत्रास पाण्याची हमी होती आणि बाकीच्या क्षेत्रात हलकी पिके घ्यावयाची होती. बारामतीकडे पाऊस दरसालच अपुरा, तेव्हा शेतकऱ्यास हमीचे मोल दरसाल दिसत होते. धमतरीस ते पाच-सात वर्षांतून एकदा दिसणार. करार सारखाच, पण आभाळ निराळे असल्यामुळे एका ठिकाणी तो सोय ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी जुलूम.

दुसरे उत्तर त्याहून जुने आहे. धुळे-नाशिककडील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे असे. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सोडून दिला तरी त्याची झळ साऱ्यांस वाटून लागे. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी. त्यांचे वेतन गाव देई. आपल्या शेतास आधी पाणी घेण्याचा मोह पाटकऱ्यास होऊ नये अशी व्यवस्था यात होती. तूट वाटून घेण्याची रीत सुकाळातच ठरवून ठेवलेली, हे या पद्धतीचे मर्म.

महानदीच्या नहरीवर असे मर्म रुजण्यास वेळ मिळाला नाही. कारण नहरीचे मागणीदारच बदलत गेले. 1931 साली मध्यप्रांताचा पाटबंधारे कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. निस्तार-पत्रकात गावाचे हक्क नोंदले गेले, पण पार दुरुस्त करणारा हात सुटला. दुधाव्याचे धरण 1953-54 साली सुरू होऊन 1963-64 साली पुरे झाले. 1978-79 च्या सुमारास रुद्रीच्या वर गंगरेलचे धरण, म्हणजेच रविशंकर सागर, उभे राहिले. दुधाव्यात सुमारे 10 अब्ज घनफूट पाणी मावते, मुरुमसिल्लीत सहाच्या आत. एकट्या गंगरेलमध्ये सुमारे 32. म्हणजे दोन्ही जुन्या धरणांच्या दुप्पट साठा एका ठिकाणी झाला. त्यासाठी पन्नासवर गावे पाण्याखाली गेली. त्या गावांची अंगारमोती देवी काठावर आणून बसविली गेली. देवीस जागा मिळाली तितक्या सहजपणे माणसांस मिळाली नाही.

हा मोठा साठा होण्यापूर्वीच त्यावर नवे हक्कदार उभे होते. भिलाईची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये पेटली. पोलादास पाणी बारा महिने लागते. पाऊस पडला नाही म्हणून भट्टी विझवता येत नाही. आरंभी बालोदकडील तांदुला धरणाने ही गरज भागविली. पुढे महानदीचे पाणी नहरीने त्या बाजूस नेण्यात आले. त्यानंतर रायपुर वाढले आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी ते राज्याची राजधानी झाले. उरला, सिलतरा येथील कारखाने आले. अशा रीतीने जी नहर धान मरू नये म्हणून निघाली, तिच्या साठ्यावर पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क बसला, आणि कारखान्याचा करार शेतकऱ्याच्या मागणीहून पक्का झाला. तहान प्रथम, हे कोणीही मान्य करील. परंतु उरलेल्या दोघांचा क्रम कागदावर एक आणि व्यवहारात दुसरा असा होऊ शकतो, कारण कारखान्याचे पाणी मीटरने मोजले जाते आणि त्याची रक्कम ठरलेली असते. शेतकऱ्याचे पाणी क्षेत्रावर आकारले जाते आणि त्याची पट्टी थकते.

तुटीच्या वर्षी प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. पावसाळ्याच्या अखेरीस धरणांचा साठा एकत्र धरला जातो. महाराष्ट्रात 15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून रब्बीचे आवर्तन ठरते, तसेच थोड्याफार फरकाने येथे. जिल्ह्याची जल उपयोगिता समिती बसते. उन्हाळ्यापर्यंतचे पिण्याचे पाणी, बाष्पीभवन आणि कारखाने यांचा वाटा बाजूस काढून उरेल ते शेतीस. साठा बरा असेल तर उन्हाळी धानास पाणी सुटते; नसेल तर सुटत नाही. 2017 साली पाऊस कमी झाल्यावर उन्हाळी धानावर सरकारने निर्बंध घातले, आणि त्यावरून बरीच ओरड झाली. परंतु रब्बीचा निर्णय हा सोपा निर्णय. खरा कस लागतो तो सप्टेंबरमधील उघडिपीत. तेव्हा समिती बसण्याचीही वाट कोणी पाहत नाही. रुद्रीजवळच्या गावांस पाणी सर्वांत आधी मिळते. मांढर शाखेच्या शेवटास, म्हणजे आमच्या उत्तरेकडील बाजूस, ते पोहोचेपर्यंत वाटेतील प्रत्येक कुलाबा उघडलेला असतो. धानाची बांधी भरल्यावर जादा पाणी खालच्या बांधीत जाते, म्हणून वरचा शेतकरी आपण वाया घालवतो असे मानीत नाही. शेवटचा शेतकरी मात्र पट्टी भरूनही आभाळाकडेच पाहत असतो. 1999 च्या कायद्याने पाणी घेणाऱ्यांच्या संस्था काढण्याची तरतूद झाली, ती या वरच्या-खालच्यांस एका चटईवर बसविण्यासाठी. संस्था कायद्याने निर्माण होते. चटई गावाने अंथरावी लागते.

आणि हा वाद आता राज्याच्या सीमेबाहेर गेला आहे. खाली 1957 पासून हिराकुडचे धरण आहे. पावसाळा संपल्यावर वरून पाणी येत नाही, अशी ओरिसाची तक्रार. वर पडणारा पाऊस आम्ही का अडवू नये, असा छत्तीसगडचा प्रश्न. मार्च 2018 मध्ये यासाठी लवाद नेमला गेला. नहरीच्या तोंडाचा आणि शेवटाचा जो तंटा रुद्री आणि मांढर यांच्यात चालतो, तोच येथे दोन राज्यांच्या आकाराचा झाला आहे. सुकाळात नदी दोघांनाही पुरते. वर्ष तुटीचे आले म्हणजे मात्र कागदपत्रे बाहेर निघतात.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. धरणांची संख्या वाढली, साठा वाढला, मोजण्याची साधने सुधारली. पण तूट आल्यावर ती कोणी किती सोसावयाची, हा ठराव बहुधा तूट आल्यावरच झाला. कंडेलच्या गावकऱ्यांनी विमा नाकारला तो विम्याचे तत्त्व न कळल्यामुळे नव्हे. हप्ता आमचा आणि अटी तुमच्या, हे त्यांस मान्य नव्हते. फडावरच्या शेतकऱ्याने तूट सोसली, कारण ती आपल्याच गावाने, आधी, सर्वांदेखत वाटली होती. मोठ्या नहरीवर गावाचा फड जसाच्या तसा आणता येणार नाही, हे उघड आहे. तथापि साठा इतका उतरला तर कारखान्याचे पाणी इतके कमी, शहराची पाळी इतकी लांब, वरच्या गावांचे कुलाबे इतके दिवस बंद, अशी पायरीपायरीची पत्रिका भरल्या धरणाच्या वर्षी तयार करून नहरीवरील प्रत्येक गावात वाचून दाखविता येणार नाही असे नाही. त्या पत्रिकेत शहरी माणसाचाही वाटा असला पाहिजे. आम्ही बदलीवरची माणसे येथील पाणी पितो, येथे पट्टी भरतो आणि चार-सहा वर्षांनी निघून जातो. तरीपण ऑक्टोबरमध्ये गंगरेलचा साठा किती टक्के आहे हा आकडा वर्तमानपत्रात आला, तर तो बाजारभावाइतक्या आस्थेने वाचण्याइतके ऋण या नदीचे आपल्यावर खास आहे.